‘ये’ की ‘या’

समस्त नागपूरकरांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, श्रीलंकेपासून जपानपर्यंतचा सगळा आशिया बावीस वर्षे माझ्या साडूभाऊंच्या तीन खोल्यांत दाटीवाटीने राहत होता आणि त्याबद्दल आशियाला कुणी एका शब्दाने विचारले नव्हते. साडूभाऊ म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीचे यजमान. दिवसा धंतोलीतल्या एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर नोकरी आणि उरलेल्या वेळात बौद्ध परंपरांचा अभ्यास. त्यांच्याइतका आशिया जाणणारा माणूस विदर्भात नसेल आणि त्यांच्याइतका कुठेही न गेलेला माणूसही नसेल, कारण त्यांना गाडी लागते. कामठीला जायचे तरी एका खिशात लिंबू आणि दुसऱ्यात पिशवी. एकदा शेअर ऑटो थांबवून उतरले, गटाराशी मनसोक्त वाकले आणि तोंड पुसत मला म्हणाले, “ते चिनी यात्रेकरू वाळवंटं तुडवत पायी काहून आले, ते आज समजलं गा!”

घराची वाटणी त्यांनी परंपरेनुसार केली होती. बाल्कनीत पाली ग्रंथ, म्हणून ती श्रीलंका. कूलरच्या खोलीत तिबेट. फ्रिजवर चीन आणि पाहुण्यांच्या दिवाणावर जपान. मे महिन्यात सगळे नातेवाईक आपसूक तिबेटात सरकत. मी गेलो की ताई, म्हणजे माझी मेव्हणी, स्वयंपाकघरातून हाक द्यायची, “अजी, जपान उचला, जावई बसाचे हायेत!” आणि साडूभाऊ जपान उचलून श्रीलंकेत नेत, मग कोणते पान कुठे गेले म्हणून आठवडाभर दोन्ही देशांवर चिडत. बाहेरही सुटका नव्हती. पोह्यांच्या ठेल्यावर त्यांनी एकदा भर गर्दीत जाहीर केले, “पोहे हा मूळ पाठ, तर्री हे भाष्य. नागपुरात भाष्यानं मूळ पाठ बुडवला!” तेव्हापासून ठेलेवाला त्यांना पाहिले की डाव उचलून विचारतो, “सर, भाष्य अजून टाकू काय?”

बोलता बोलता त्यांची तर्जनी एकदम जमिनीकडे वळायची. तो तळटीपेचा इशारा. मग मुख्य विषय उभा राही आणि तळटीप पाऊण तास चाले. शिवाय प्रत्येक विधानाला आधार हवा. ताई म्हणाली, “टाकीतलं पानी सरलं,” की हे पुस्तकातून मान न काढता विचारत, “आधार?” ताई आतून ओरडे, “या ना जी, पाहा ना!” हे उठत नसत. नळ कोरडा खोकला की मगच विधान ग्राह्य.

या सगळ्याच्या मुळाशी एकच शब्द होता. शेजारच्या घरातल्या रोजच्या वंदनेत तो भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर पडला: एहिपस्सिको. धम्म कसा, तर ‘ये आणि पाहा’ म्हणणारा. मुकाट्याने मान असे न म्हणता स्वतः येऊन तपासायला बोलावणारा. आधार मागणाऱ्या माणसाला याहून गोड शब्द कुठून मिळणार? हा शब्द कोणत्या देशात, कोणत्या भाषेत कसा रुजला, यावर त्यांनी पीएचडीला नाव घातले. ऑक्टोबरात नागपुरात येणाऱ्या परदेशी भिक्षूंना गाठून गाठून विचारले. सगळे देश मार्गी लागले आणि गाडी अडली ती मराठीत. मी म्हटले, “त्यात काय? ‘ये आणि पाहा’!” साडूभाऊ दुखावले. “अनोळखी वाचकाले अरे-तुरे करू? मी खिडकीवर कोणाले ‘ये’ म्हनत नाही.” बरं, मग ‘या आणि पाहा’? “हट्! ‘या’ म्हटलं की मानूस केसपेपर काढते!” ‘ये’ आणि ‘या’ यांच्यामध्ये एका काना-मात्रेचे अंतर, तेवढ्यात दोन मार्गदर्शक सेवानिवृत्त झाले.

शेवटी विद्यापीठाने अखेरची मुदत दिली तेव्हा त्यांनी प्रबंध सादर केला, पण मराठी पर्यायाच्या जागी नुसती टिंबे ठेवून. खुल्या मौखिकीला आम्ही मागच्या रांगेत बसलो होतो, ताईच्या मांडीवर पेढ्यांचा डबा. परीक्षक म्हणून पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी शांतपणे पान उघडले. “काम उत्तम आहे. पण ही टिंबं? छपाईची चूक का?” साडूभाऊ म्हणाले, “नाही. संशोधन चालू आहे.” बाई म्हणाल्या, “तुमची मुदत आज संपतेय. ही जागा भरल्याशिवाय मी सही करणार नाही. मराठीत काय म्हणायचं, सांगा.” साडूभाऊ उभे राहिले. तर्जनी जमिनीकडे वळली. सवयीने आम्ही सगळ्यांनी खाली पाहिले. तळटीप आली नाही. बावीस वर्षांचा आशिया त्या बोटाच्या टोकाशी अडून बसला होता, आणि त्याच क्षणी माझ्या शेजारी पेढ्यांचा डबा खाली पडला, कारण ताई उठली होती.

पुढचे आधी सांगून टाकतो. बाईंनी चष्मा काढून ताईकडे पाहिले, टिंबांवर स्वतःच्या हाताने चार-पाच शब्द लिहिले आणि सही केली. त्या शब्दांखाली आता छापील तळटीप आहे: ‘मौखिक परंपरा, स्वयंपाकघर, नागपूर.’ आशिया ग्रंथालयात गेला. जपानवर कुणीही पाय पसरून बसते. परवा मी गेलो होतो, तेव्हा ताई म्हणाली, टाकी रिकामी आहे. साडूभाऊ आधार न मागता उठले, पाहून आले, मुकाट्याने मोटर लावली. ताई दारातच हात पुसत उभी राहिली, काहीतरी ओरडायचे राहून गेल्यासारखी. मलाही चुकल्यासारखे झाले. त्या दिवशी भरल्या सभागृहात, रागाने की रडूने ते कळेना अशा आवाजात, ती म्हणाली होती:

“अजी, मंग बावीस वर्षं मी काय बोंबलून राहिली? या ना जी, पाहा ना!”