दहावी नव्याण्णवच्या बॅचचे टी-शर्ट

जळगावात नवलभाऊंच्या छपाईच्या दुकानात कोकिळा अकरा वर्षं कामाला होती. गणेश मंडळं, क्रिकेटचे संघ, बियाण्यांच्या कंपन्या, सगळ्यांचे शर्ट तिच्या हाताखालून जायचे. चौकटीच्या जाळीवर शाई ओतायची, रबराची पट्टी दोन्ही हातांनी धरून एका दमात ओढायची, की नाव उमटलं. कुठल्या कुठल्या गावांची नावं तिनं छापली होती. तिच्या स्वतःच्या पहूरचं काम मात्र कधी आलं नव्हतं.

ते दिवाळीआधी आलं. केस विरळ झालेला, पोट सुटलेला एक गृहस्थ नवलभाऊंसमोर बसून सांगत होता, की पहूरच्या त्यांच्या शाळेची नव्याण्णव सालची दहावीची बॅच पहिल्यांदाच एकत्र जमतेय. एक्केचाळीस टी-शर्ट हवेत. गर्द निळे, पुढे शाळेचं नाव, पाठीवर सगळ्यांची नावं एकाखाली एक. नुसत्या रंगावरून ग्रुपवर आठवडाभर भांडण चाललं होतं म्हणे. मागे घड्या घालत बसलेल्या कोकिळानं त्याला आवाजावरूनच ओळखलं. हा जगदीश. आठवीत खिडकीजवळ बसायचा. त्याची नजर तिच्यावरून गेली आणि पुढे कपड्यांच्या रंगांवर जाऊन थांबली.

दुसऱ्या दिवशी नावांचा कागद तपासणीसाठी निघाला. आपलं नाव त्यात नसणार हे तिला ठाऊक होतं. तरी तिनं शेवटपर्यंत वाचलं, आणि मग पुन्हा वरून.

आठवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांना, भिकाआबांना, नरडाण्याच्या एका कारखान्यात रखवालदाराचं काम मिळालं होतं. दोन दिवसांत बिऱ्हाड उचललं. शाळा सोडल्याचा दाखला नंतर आणू म्हणाले, तो कधी आणलाच गेला नाही. दाखला नाही म्हणून नववी नाही. पुढे लग्न होऊन ती जळगावला आली. पहूर सोडताना तिनं एकीलाच सांगितलं होतं, शाळा उघडली की भेटू. ती ज्योत्स्ना, तिच्या बाकावरची. कायमचं निघतोय हे तेव्हा कोकिळालाही नीट कळलं नव्हतं.

संध्याकाळी जगदीश कागद पाहायला आला आणि सही करून उठायला लागला. कोकिळा काम टाकून पुढे आली.

"भाऊ, ज्योत्स्नाच्या नावात त राहिला."

"चालतं हो. कोण बघतंय?"

"तिला नाही चालायचं. सर हजेरीत ज्योस्ना लिहायचे, तर ही उठून त घालायला लावायची."

जगदीशनं मान वर केली. "तुम्हाले कसं माहीत?"

"मी तिच्याजवळ बसायची. आठवीपर्यंत. कोकिळा भिका."

चेहरा आठवत नाही, असं त्यानं खरं खरं सांगून टाकलं. यादी दहावीच्या निकालावरून केली होती, मधे गेलेल्यांचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मग ओशाळून त्यानं तिथेच ग्रुपवर विचारलं. कोण कोकिळा, असं चौघांनी लिहिलं. पाढे घडाघड म्हणायची ती, असं सुनितानं लिहिलं. हळूहळू सगळ्यांचे होकार आले आणि तिचा एक शर्ट वाढला. ज्योत्स्नाचं काहीच आलं नाही. ती ग्रुपवर आहे पण बोलत नाही, जगदीश म्हणाला.

यादी अक्षरांच्या क्रमानं लागली होती. सगळी पुन्हा मांडायची तर उशीर झाला असता, म्हणून कोकिळाचं नाव अगदी तळाशी गेलं. राहू द्या तिथंच, ती म्हणाली.

छापताना ती प्रत्येक शर्टावर ज्योत्स्नाचं नाव नीट उमटलंय का ते पाहायची. स्वतःचं पाहायचं तिला सुचलंच नाही. गठ्ठे बांधताना मापांची यादी हातात आली, तर ज्योत्स्नापुढे लिहिलं होतं डबल एक्सएल. आठवीत ती नुसती काडी होती. कोकिळा त्या मापाकडे बघून कितीतरी वेळ एकटीच हसत राहिली.

भाऊबीज झाल्यावरच्या रविवारी ती एसटीनं पहूरला गेली. पंजाबी ड्रेसवर निळा शर्ट घालून शाळेच्या मैदानात शिरली, तेव्हा पाठमोऱ्या बायकांमध्ये तिचे डोळे एकाच बाईला शोधत होते. ज्योत्स्ना आली नव्हती.

लोक चांगले वागले. जेवायला आग्रह केला, फोटोत पुढे उभं केलं. पण गोष्टी सगळ्या नववी-दहावीच्या. अजिंठ्याच्या सहलीत कोण हरवलं होतं, निरोप समारंभात कोण रडलं. सगळे हसले की तीही हसायची, थोडी मागून.

पंगत उठल्यावर सुनिता तिच्याशेजारी येऊन बसली.

"तू नववीत आली नाहीस ना, तर जून सगळा ज्योत्स्नानं कुणाला बाकावर बसू दिलं नाही. दप्तर ठेवायची तुझ्या जागेवर. सर रागावले तरी उचलायची नाही."

कोकिळाला हे सत्तावीस वर्षांनी कळत होतं. तिनं फक्त विचारलं, मग कधी उचललं? ते सुनिताला आठवत नव्हतं.

न आलेल्यांचे शर्ट खोक्यात उरले होते. ज्योत्स्नाचा तिनं मागून घेतला, नंबरही घेतला. ती आता वापीला एका दवाखान्यात कामाला होती.

पहूरच्या स्टँडवर येऊन कोकिळानं फोन लावला. एका मुलीनं उचलला. मम्मीची ड्यूटी आहे, फोन घरीच विसरलीये, आली की करायला सांगते, ती म्हणाली. कोण बोलतंय म्हणून सांगू?

"तिच्याजवळ बसायची ती, म्हण," कोकिळा म्हणाली.

जळगावची गाडी लागली. गाडीच्या खडखडाटात फोन वाजलेला कळायचा नाही म्हणून तिनं ती जाऊ दिली. शर्टाची पिशवी मांडीवर घेऊन ती बाकावर बसून राहिली. मग पुढची गाडीही तिनं जाऊ दिली.