मृगाचा मेघ

गंगापूर रोडवरच्या आमच्या गच्चीतून दिवेच दिसतात, तारे नाहीत. म्हणून मार्चमध्ये कॅमेरा घेऊन मी पुन्हा नामपूरला मामीच्या शेतावर गेले. याआधी दोनदा ढगांनी मला हात हलवत परत पाठवलं होतं. या खेपेस फोटो घेतल्याशिवाय मी हलणार नव्हते.

दिवेलागणीला आभाळ पुन्हा गच्च भरून आलं. काढलेला कांदा अजून शेतात उघडाच होता. मी ढगांना शिव्या घालत असताना मामीने विचारलं, मला नेमकं हवंय तरी काय? मी वैतागून म्हणाले, “मृगाचा मेघ!”

मला मृग नक्षत्रातला तेजोमेघ म्हणायचा होता, जिथे नवे तारे जन्माला येतात. पण शेतकऱ्याच्या घरात मृग म्हणजे जूनचा पाऊस, हे मी साफ विसरले.

मामी कडाडली, “मना कांदा उघडा पडेल शे, अन् तुले मृगना मेघ पाहिजे?”

खुलासा ऐकायला ती थांबलीच नाही. तिने ताडपत्रीचं टोक माझ्या हातात कोंबलं. आम्ही कांदा झाकून कडांवर दगड ठेवले, तोवर वारा सुटला आणि पश्चिमेला ढग फाटले. मी कॅमेरा लावला, पण वाऱ्याने ट्रायपॉड थरथरायला लागला, म्हणून मी त्याला वजनासाठी कांद्याची अर्धी गोणी टांगली. ढग आला की थांबायचं, सरकला की बटण दाबायचं. मी जागची हलले नाही.

अखेर स्क्रीनवर तेजोमेघाचा गुलाबी, धूसर डाग उमटला. मामीने तो बराच वेळ निरखला.

“हाऊ मेघ चाली,” ती मान डोलावत म्हणाली. “येम्हा पानी नही.”