कंपनीने गाव दत्तक घेतलं, तेव्हा

जिथे कामं सुरळीत होतात तिथे किस्से जमत नाहीत. आमच्याकडे भरपूर जमलेत.

मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका कंपनीच्या सीएसआर खात्यात आहे. कंपनीने नफ्यातला थोडा वाटा आजूबाजूच्या गावांसाठी खर्च करायचा, आणि तो नीट होतो की नाही ते आम्ही बघायचं. कंपनीतल्यांना वाटतं आम्ही पैसे उडवतो, गावातल्यांना वाटतं आम्ही थापा मारतो. दोघांच्या मधे बसलं की सांगण्यासारखं बरंच मिळतं. ब्रह्मपुरीला माहेरी गेले की वहिनी चहाचं आधण ठेवतानाच विचारते, "काय म्हणते तुमचं गाव?"

बहुतेक किस्से दोनच माणसांचे आहेत. एक आमचे आगाशे साहेब, खात्याचे प्रमुख. पुण्याहून आलेले, बोलणं छापील. दुसऱ्या सुनंदाबाई, प्लांटला लागून जंगलाच्या कडेला जे गाव आहे तिथल्या सरपंच. घरी धानाची शेती. आवाज कधी चढवत नाहीत, त्यामुळे समोरचा बेसावध राहतो.

* * *

साहेब नवीन होते. गावात पहिलीच मीटिंग, समाजमंदिरात सतरंज्या अंथरलेल्या. साहेब उभे राहिले आणि म्हणाले, "आपणांस कळवण्यास आनंद होतो की आमच्या कंपनीने आपले गाव दत्तक घेतले आहे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाबाईंनी नाही वाजवल्या.

"साहेब, एक विचारू का? आमच्या इकडं दत्तक पोराले घरात हिस्सा भेटते. आमचा कोणता?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी सतरंजीकडे पाहिलं.

* * *

त्याच गावात आम्ही सोलरचे दिवे लावले. उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब येणार होते. त्यांना संध्याकाळच्या विमानाने परत जायचं होतं, म्हणून कार्यक्रम भर दुपारी ठेवला. उन्हाने डांबर मऊ पडलेलं. फीत कापली, नारळ फोडला, आणि सगळे दिव्याकडे बघत उभे राहिले.

दिवा लागेना. अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा, तो दुपारी कसा लागणार? हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

फोटोग्राफर खोळंबला. शेवटी एकाने शिडी लावली, वर चढून आपला दुपट्टा पॅनलवर टाकला. दिव्याला वाटलं रात्र झाली. तो लागला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

माझ्या शेजारी एक म्हातारी आजी उभी होती. तिने नातीला शांतपणे विचारलं, "तोंड झाकल्याबिगर उजेड पडत नाई का वं कंपनीचा?"

* * *

संडासांचा किस्सा सांगताना मला अजून थोडं वाईट वाटतं, पण सांगते. कंत्राटदाराने संडास बांधले ते घरांच्या मागे, पार बांधाच्या टोकाला. त्याच्यापलीकडे जंगल. काही महिन्यांनी गेलो तर सगळ्यांची दारं कोरी करकरीत. कुणी वापरतच नव्हतं.

साहेबांनी पारावर लोकांना बसवलं आणि सवयी बदलण्याचं महत्त्व समजावलं. बरंच समजावलं. एक आजोबा मन लावून ऐकत होते. संपल्यावर ते म्हणाले, "सांगता ते खरं आहे साहेब. पण पहाटे पहाटे तिथून वाघ जाते. तुमी एक डाव जाऊन दाखवा. आमी इथी उभे राह्तो."

साहेबांनी त्या बांधाकडे नीट पाहिलं. मग त्याच आठवड्यात कंत्राटदाराला बोलावलं. नवे संडास घरांच्या बाजूला झाले, आणि पहिल्या दिवसापासून दारांना रांगा लागल्या. सवयी बदलण्यावर साहेब पुन्हा कधी बोलले नाहीत.

* * *

धुळीचं भांडण जुनं होतं. प्लांटचे ट्रक गावातून जातात, आणि सगळं गाव राखाडी होतं. कंपनीचं म्हणणं एकच, धूळ लिमिटमधे आहे.

एकदा हेच सांगायला प्लांटचे एक मॅनेजर आमच्यासोबत आले. सुनंदाबाईंनी सगळ्यांना अंगणात खुर्च्या दिल्या, चहा दिला. मॅनेजर कागद दाखवत बोलत होते. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक गेला. मॅनेजरांनी बोलता बोलताच कपावर हात धरला.

"हात काऊन ठेवला साहेब?" सुनंदाबाई म्हणाल्या. "घ्या ना चहा. लिमिटमधीच आहे."

दुसऱ्या आठवड्यापासून रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरायला लागला. तो अजून फिरतो.

* * *

बायकांना आम्ही शिलाई शिकवली. मशिनी दिल्या, प्रमाणपत्रं दिली, ग्रुप फोटो काढला. मग सुनंदाबाईंनी विचारलं, "आता शिवाचं कोणाचं?"

प्लांटमधे कामगारांना युनिफॉर्म लागतात. साहेब खरेदी खात्यात गेले. खरेदीवाले म्हणाले, बायकांना मोठ्या कामाचा अनुभव नाही. साहेब म्हणाले, काम दिल्याशिवाय अनुभव येईल कुठून. खरेदीवाले म्हणाले, पॉलिसी. असं तीनचारदा झालं.

पुढच्या मोठ्या मीटिंगला साहेब बायकांनी शिवलेला शर्ट घालून आले. सगळं छान होतं, फक्त उजवी बाही चांगलीच लांब. बोटांपर्यंत येत होती. खरेदी खात्याचे प्रमुख सगळ्यांसमोर हसले. "आगाशे, बाही लांब झाली तुमची."

"बाही बरोबर आहे," साहेब म्हणाले. "कंपनीने हात आखडता घेतलाय."

सगळे हसले, प्रमुखही हसले. ऑर्डर आधी छोटी मिळाली, मग मोठी. आता आमचे सगळे कामगार गावात शिवलेले कपडे घालतात, आणि दोन्ही बाह्या सारख्या असतात.

* * *

आणि आता कुकरचा किस्सा.

आमच्या कंपनीची वीज कोळशाची. कोळसा जळला की राख उरते, आणि राख टाकायला जागा लागते. वरच्यांनी जागा निवडली ती सुनंदाबाईंच्या गावची, गुरं चरायची. त्यासाठी ग्रामसभेचा होकार हवा होता. ती राख पुढे कंपनीच्या स्वतःच्याच आवारात गेली, साहेबांची बदलीही झाली नाही. पण तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं.

ग्रामसभेच्या आधी मुंबईहून ट्रकभर प्रेशर कुकर आले. घरटी एक वाटायचा, तोही सभेच्या आदल्या दिवशी.

साहेबांनी ट्रक गोदामात रिकामा करून घेतला आणि मला म्हणाले, "मॅडम, कुलूप लावा."

"सर, उद्या वाटायचे आहेत ना?"

"सभेच्या आधी वाटले तर ते कुकर राहत नाहीत."

"मग काय होतात?"

"लाच," साहेब म्हणाले, आणि किल्ली खिशात टाकून घरी गेले.

ग्रामसभा झाली. गावाने एकमुखाने नाही म्हटलं. मला वाटलं, आता कुकर परत जाणार आणि त्यांच्या मागोमाग आम्ही दोघं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला आले तर साहेब गोदामासमोर उभे राहून टेम्पोत खोकी चढवत होते.

गावात आम्हाला बघून सुनंदाबाई चकित झाल्या. मी त्यांना तसं एकदाच पाहिलं.

"साहेब, आमी तं नाई म्हणलो. मंग हे काऊन आणले?"

"कुकर गावासाठी आले होते," साहेब म्हणाले. "होकारासाठी नाही."

सुनंदाबाईंनी स्वतःच टेबल मांडलं, बायकांना हाका मारल्या, वाटप सुरू झालं. साहेबांच्या दोन्ही हातात खोकं, आणि टेबलावर त्यांचा फोन वाजायला लागला. मुंबईचे मोठे साहेब. आगाशे साहेबांनी बघितलं आणि पुढचं खोकं उचललं. फोन थांबला, पुन्हा वाजला.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सुनंदाबाईंनी तो उचलून कानाला लावला. पलीकडचा आवाज एवढा चढलेला की मला टेबलाच्या या बाजूला ऐकू येत होता. कुणाला विचारून वाटताय, कुणाची परवानगी घेतली. सुनंदाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"साहेब कामात आहेत," त्या म्हणाल्या. "मी सरपंच बोलून राह्यली. हो, आमीच त्या, नाई म्हणणाऱ्या."

पलीकडे आवाज आणखी वाढला. सुनंदाबाईंनी फोन कानापासून थोडा लांब धरला आणि ओसरायची वाट पाहिली. मग पुन्हा जवळ घेतला.

"तुमच्या घरी कुकर असनच ना साहेब?" त्या अगदी मायेने म्हणाल्या. "पयले वाफ जाऊ द्याची. मंग झाकण उघडाचं."