यामिनीचा ठिपका

आमच्या शाळेच्या ऑफिसात यामिनीच्या टेबलावरून कागद पुढे गेला आणि त्याची प्रत मागे राहिली नाही, असं चौदा वर्षांत झालेलं नाही. मी जाहिदा, त्याच शाळेत गणित शिकवते, आणि तिच्या या खोडीची मी पुष्कळ चेष्टा केली आहे. "लग्न केलं असतंस तर नवऱ्याचीही प्रत मागितली असतीस," असं म्हटलं की ती "साक्षांकित" म्हणायची आणि शिक्का आपटायची.

खोड वडिलांकडून आलेली. माधवकाका कोर्टातले निवृत्त कारकून. नारपोलीच्या घरात त्यांनी प्रत्येक माणसाची फाइल ठेवली आहे, आणि सगळ्यात जाड फाइल यामिनीच्या धाकट्या भावाची, शार्दूलची. त्याला बारा वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनिया झाला, नसलेले आवाज ऐकू यायला लागले. गोळ्यांवर तो बरा असतो, पण घरातलं कोणी ना कोणी त्याच्यावर डोळा ठेवून असतं. यामिनीची उमेदीची वर्षं त्यातच गेली. म्हणून संस्थेनं तिला नाशिकच्या शाळेत मुख्य लिपिकाची बढती दिली, तेव्हा तिच्याहून जास्त आनंद मला झाला. जूनमध्ये हजर व्हायचं होतं.

त्याच सुमारास शार्दूलच्या डॉक्टरांनी दोघा भावंडांना मुंबईला एका अभ्यासासाठी पाठवलं. डोक्याला तारा लावून कानात टकटक ऐकवायची, सेकंदाला चाळीस वेळा, आणि मेंदू त्या तालाला किती जोरानं साथ देतो ते मोजायचं. मेंदूतल्या या वेगवान लहरींना गॅमा म्हणतात. या आजाराच्या लोकांचा जोर सरासरीनं कमी भरतो. पण माणसामाणसांत फरक इतका, की ठणठणीत माणसाचाही कमी भरू शकतो. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही, म्हणून रिपोर्ट देत नाही, असं तिथल्या मुलीनं नीट सांगितलं. यामिनी कसली ऐकते. सही केली आहे तर प्रत हवी. शेवटी कंटाळून त्या मुलीनं एक आलेख छापून दिला. निरोगी लोकांचे निळे ठिपके, आजारी लोकांचे लाल, बरेचसे एकमेकांत मिसळलेले, आणि या दोघांच्या ठिपक्यांभोवती पेनानं गोल. शार्दूलचा ठिपका वर, निळ्यांच्या गर्दीत. यामिनीचा तळाशी, लाल ठिपक्यांमध्ये.

तो कागद तिनं सवयीनं घरच्या फाइलला लावला.

माधवकाकांचा तोंडी साक्षीवर कधीच विश्वास नव्हता, कागद काय म्हणतो ते खरं. दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. यामिनीच्या हातून दूध उतू गेलं की तिच्या आई काकांकडे बघायच्या. खोलीचं दार जरा वेळ बंद राहिलं की कडी वाजायची. यामिनी चिडली तर "चिडचिड वाढलीय", गप्प बसली तर "हल्ली बोलत नाही". नाशिकचं नाव काढलं की "तिथे एकटीला काही झालं म्हणजे?" आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत.

मी घरी जाऊन भांडले. "काका, माझ्या अब्बांचे कापडाचे चोवीस लूम होते. दोन लूम कधी एका वेगानं चालले नाहीत. कापड सगळ्यांचं सारखंच निघायचं."

काका शांतपणे म्हणाले, "आणि एखादा आतून बिघडत असला तर? कापड खराब होईपर्यंत थांबायचं का, जाहिदा?"

सरासरी म्हणजे काय ते मी दरवर्षी फळ्यावर शिकवते, आणि तिथे मात्र लूमचंच पुन्हा सांगत राहिले. त्यांचा राग आला. ते हे सगळं मायेनं करत होते याचा त्याहून जास्त आला.

शार्दूल दारात उभा राहून ऐकत होता. बहिणीला म्हणाला, "ताई, त्यांच्यासमोर खिडकीकडे जास्त वेळ बघू नकोस. बाबा लिहून ठेवतात. दोन-तीन वर्षांत सवय होते."

मेमध्ये यामिनीनं बढती नको म्हणून अर्ज दिला. कारण लिहिलं, घरगुती अडचण.

"तिथे रोज चारदा घरचा फोन घ्यावा लागेल," ती मला म्हणाली, "आणि चारही वेळा नीट बोलावं लागेल. त्यापेक्षा इथेच बरी. खरं सांगू? हल्ली मीच कान देऊन बसते, काही ऐकू येतंय का म्हणून."

गेल्या आठवड्यात शाळा सुटल्यावर आम्ही दोघी धामणकर नाक्यावर चहा घेत उभ्या होतो. माझी पाठ रस्त्याकडे होती. बोलता बोलता यामिनी एकदम हसली. मी तिच्याकडे पाहिलं, नेहमीपेक्षा क्षणभर जास्त. सांगायला लाज वाटते, पण पाहिलं. तिनं ते टिपलं. कप खाली ठेवला आणि मुख्याध्यापकांना खुलासा द्यावा तशी म्हणाली,

"समोरच्या रिक्षात बकरी बसलीय, ड्रायव्हरच्या शेजारी. म्हणून हसले. बघ, खरंच आहे."

बकरी होती. पण मी वळून बघितलं.