येसर घेऊन समुद्रावर

सून गोड बोलायला लागली की सासूनं कान टवकारावेत, असं सावित्रीबाईंचं मत होतं. आणि दसरा झाल्यापासून स्वप्नाली फारच गोड बोलत होती. "आई, इतकी वर्षं झाली, एक दिवस चूल सोडली न्हाई तुम्ही. शेजारच्या सुमनताई माहेरी निघाल्यात. जा की त्यांच्याबरोबर, समुद्र बघून या. आठवडाभर खानावळ मी बघते."

सावित्रीबाईंच्या मनात पाल चुकचुकली. खानावळ म्हणजे काय, भोसरीतली पत्र्याची एक खोली, दोन शेगड्या आणि वर्कशॉपमधून जेवायला येणारे कामगार. पण ती त्यांची होती. नवरा वारला तेव्हा बीडकडच्या गावाहून त्या महिनाभर माहेरी गेल्या, आणि परतल्या तर जावेनं त्यांची चूल उखडून तिथं पोती रचलेली. मग लेकाला, नवनाथला, कडेवर घेऊन भोसरी गाठली आणि लेथवरच्या दोघा टर्नर कामगारांना भाकरी करून घालत खानावळ उभी केली. दुधानं तोंड पोळलेली बाई ताक फुंकून पिणारच, तिला कशाला नावं ठेवायची?

त्यात नवनाथही म्हणाला, "जा गं आई." चाकणच्या कंपनीतून दमून येणारा आणि जेवून आडवा होणारा हा माणूस. त्यानं स्वतःहून तोंड उघडलं म्हणजे नवराबायकोचं आधीच ठरलेलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. आपण परत येईपर्यंत खानावळ सुनेची झालेली असणार, हे त्यांच्या मनानं घेतलं.

नाही म्हणावं तर घरात भांडण. तेव्हा त्यांनी एक बेत केला. त्यांच्या आमटीचा सगळा जीव येसरात होता. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं मराठवाड्याचं पीठ. ते कसं करायचं हे त्यांनी सुनेला कधी दाखवलं नव्हतं. निघताना त्यांनी येसराचा अख्खा डबा लुगड्यात गुंडाळला आणि पिशवीत कोंबला. बसू दे बोंबलत. चार दिवसांत पोरंच म्हणतील, मावशीला बोलवा. शिवाय जोतिराम नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाला त्यांनी बजावलं, रोज फोन करायचा आणि जेवण कसं आहे ते खरं सांगायचं.

वल्लभनगरहून एसटी धरून त्या सुमनताईंच्या गुहागरकडच्या माहेरी पोचल्या तेव्हा समुद्र खवळला होता. वादळाचा इशारा होता, होड्या वर ओढून बांधल्या होत्या, माडाच्या झावळ्या अंगणात येऊन पडत होत्या. सावित्रीबाईंनी समुद्राकडंही संशयानंच पाहिलं. इतका आरडाओरडा करणाऱ्या माणसाला त्यांनी आपल्या खानावळीत पाय ठेवू दिला नसता.

जोतिरामचा फोन आला.

"जेवण कसंय रे?"

"चांगलंय मावशी."

"आमटी?"

"चांगलीय की."

फोन ठेवून त्या सुमनताईंना म्हणाल्या, "फोडला बघा त्याला. जास्तीचं तूप वाढायली असंल."

दुसऱ्या दिवशीही जोतिराम तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं फोनच बंद पाडला. आतापर्यंत उंटावरून शेळ्या हाकत होत्या, तो उंटही गेला.

पाऊस कौलांतून आत यायला लागला. पिशव्या कोरड्या कोपऱ्यात हलवताना सुमनताईंच्या हाताला डबा लागला. "काय गो सावित्री, कोकणात मसाले विकायला आलीस?"

सावित्रीबाईंनी खरं ते सांगितलं. सुमनताई हसल्या नाहीत. "तिनं तुला हौसेनं पाठवलं आणि तू तिची आमटी पळवलीस? माझी सून मला विचारतसुद्धा नाही हो, कुठं जातेस म्हणून."

"तुम्हाला न्हाई कळायचं," सावित्रीबाई म्हणाल्या खऱ्या. पण आता त्यांना वेगळीच काळजी लागली. येसर तर इथं आहे, आणि तिथं जेवण चांगलं? मग आपली गरजच काय राहिली? उरलेले दिवस त्यांनी खिडकीपाशी काढले. समोर एवढा समुद्र, पण त्यांना दिसत होती फक्त आपली शेगडी आणि तिच्यासमोर बसलेली सून.

भोसरीत परतल्यावर खानावळीच्या दारातच त्यांनी जोतिरामला गाठलं. "खरं सांग. आमटी कसली होती?"

"कसली म्हणजे, पाणचट, मावशी. पण वहिनींनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं, येसर संपलाय, आई आल्या की करतील, तोवर गोड मानून घ्या. आणि आईंचा फोन आला तर चांगलंय म्हणा, न्हाईतर त्या अर्ध्यातून परत येतील."

सावित्रीबाई आत गेल्या. स्वप्नाली भाकरी थापत होती. तिची पाठ आहे असं बघून त्यांनी डबा हळूच फळीवर ठेवला.

"आणलात परत?" स्वप्नाली न वळताच म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"पिशवी भरताना बघितलं मी."

"मग बोलली का न्हाईस?"

स्वप्नालीनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "डबा जवळ हाय म्हणून तर निघालात तुम्ही. न्हाईतर गेला असता का?"

सावित्रीबाईंना लाज वाटली. त्या भिंतीला टेकून जेवायला बसल्या. स्वप्नालीनं ताट वाढलं. आमटी पातळ होती, मीठही कमी होतं. त्यांनी मान खाली घालून ती भुरकली आणि अजून एक वाटी मागितली.