बुकित बातोकची लेझीम

गेल्या वर्षी मला नृत्यदिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं. हे वाक्य मी अजूनही मनातल्या मनात म्हणून बघतो, कारण मी पाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटवरचा इंजिनियर आहे आणि स्वतःच्या वरातीतही नाचलो नव्हतो.

सिंगापूरमधल्या बुकित बातोकच्या आमच्या कम्युनिटी क्लबमध्ये नृत्यस्पर्धेची जाहिरात लागली. बायकोने मला न विचारता आमच्या ग्रुपचं नाव देऊन टाकलं. ग्रुप म्हणजे आम्ही आणि भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला एकत्र जमणारी आणखी दोन-तीन घरं.

"करणार काय आपण?" मी विचारलं.

"लेझीम. आणि ती तू बसवणार आहेस."

अकोल्याच्या शाळेत मी लेझीम पथकात होतो, ही फुशारकी मीच तिच्यापुढे मारलेली. आता निभावणं भाग होतं. लेझिमा एका मित्राच्या बॅगेतून नागपूरहून आल्या आणि आमच्या बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, शनिवारी सकाळी सराव सुरू झाला. कंबरेत वाकून उठताना एकेकाचा गुडघा लेझमीपेक्षा मोठ्याने वाजायचा. मुलगी बाकावर बसून म्हणायची, "बाबा, this one PE lesson, lah."

तिचं बरोबर होतं. मला येत होती ती शाळेतली कवायत. ती नाच वाटत नव्हती.

व्हॉइड डेकच्या दुसऱ्या टोकाला आमच्या खालच्या मजल्यावरच्या चिनी आजी त्यांच्या मैत्रिणींबरोबर लाइन डान्स करायच्या. सगळे त्यांना आंटी म्हणतात. आमच्या आवाजाने त्यांचं गाणं बुडतं म्हणून त्या रागावणार, असं मला वाटत होतं. एका शनिवारी त्या खरंच तरातरा आल्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्या हातातली लेझीम काढून घेतली, कानाजवळ नेऊन वाजवली आणि इंग्रजीत विचारलं, "तुम्ही सगळे एकाच भिंतीकडे बघून का नाचता?"

त्यांच्या नाचात रांग दर थोड्या वेळाने वळते आणि चारही दिशांना तोंड करते. त्यांनी आम्हाला तसं वळून दाखवलं. मी आमचे डाव त्या वळणांवर बसवले, आणि काय झालं कोण जाणे, त्या मरगळलेल्या कवायतीत जीव आला. पुढच्या आठवड्यात आंटी दोन मैत्रिणींना घेऊनच आल्या. त्या चिनीत आकडे मोजायच्या, आम्ही मराठीत, आणि गंमत म्हणजे पावलं जुळायची. मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये एकटा असलो की पाय टाकून बघू लागलो. एकदा दार उघडलं तेव्हा बाहेर साहेब उभे होते. ते पुढच्या लिफ्टची वाट बघत थांबले.

स्पर्धेच्या दिवशी आंटींनी बायकोची निळी नऊवारी नेसली आणि ती नेसून त्या इतक्या सुसाट नाचल्या की शेवटच्या वळणावर आम्हीच त्यांच्या मागून धावत होतो. प्रेक्षक उभे राहिले. पहिला नंबर मात्र बिशानच्या कॉलेजातल्या मुलांना मिळाला. ते खरोखर उत्तम नाचले होते, आम्ही मनापासून टाळ्या वाजवल्या.

मग निवेदिकेने उत्कृष्ट नृत्यरचनेचं बक्षीस पुकारलं. तिने उच्चारलेलं नाव मलय होतं की तमिळ, आम्हाला कळेना. आम्ही पुन्हा जोरात टाळ्या वाजवल्या. स्टेजवर कोणीच जाईना. तिने नाव पुन्हा वाचलं, आम्ही पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी शेजारच्या मित्राला म्हटलं, "बिचारा घरी गेला वाटतं."

मुलगीच ओरडली, "बाबा, it's you!"

 मी उठलो, दोन पावलं गेलो, परत आलो आणि आंटींचा हात धरला. त्या "नो, नो" म्हणत होत्या, पण पाय स्टेजकडेच चालले होते. परीक्षकबाईंनी विचारलं, "तुमच्यापैकी नृत्यदिग्दर्शक कोण?" आम्ही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. सभागृह हसत सुटलं, आम्हीही. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, पण हसू आवरेना, म्हणून मी माइक आंटींना दिला. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आणखी जोरात."

परतताना बसमध्येच मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, मला बक्षीस मिळालं. नाच बसवल्याबद्दल."

"कोणाला?"

"मला."

तिने फोन डोळ्यांजवळ नेला. मग पदर तोंडाला लावून हसू लागली, थांबेचना. शेजारणीला हाक मारून म्हणाली, "अगं, ये इकडे, बघ हा काय म्हणतोय." तोवर आंटींनी फोन माझ्या हातातून घेतला होता आणि आईला, तिला एक शब्दही न कळणाऱ्या चिनी भाषेत, चारही दिशांना कसं वळायचं ते समजावून सांगायला सुरुवात केली होती. आई मन लावून माना डोलवत होती.