पाटलाच्या बैलावरचा शालू

पोळ्याच्या आधीचा महिनाभर अहमदपूरच्या बिलकीसच्या घरात पाय ठेवायला जागा नसते. पलंगावर झुली, पलंगाखाली झुली, आणि तिचा नवरा मकबूल भाकरी खातो तो गोंड्यांच्या ढिगात बसून. बैलाच्या पाठीवर घालायची झूल शिवावी तर बिलकीसनं, हे पंचक्रोशीतला बैलसुद्धा सांगेल. कापडावर कापड चढवून ती असा मोर काढते की बैल चालायला लागला की मोरही मान हलवतो.

पण सांगायची गंमत पुढंच आहे. जवळच्या गावात दरवर्षी पोळ्याला उत्तम झुलीचं बक्षीस निघतं आणि ते मिळतं शेषेराव पाटलांना. का, तर बैल त्यांचे. माईकवर पुकारा होतो, “शेषेरावांची झूल!” पाटलांना फेटा बांधला जातो, लोक टाळ्या वाजवतात आणि बायकांच्या घोळक्यात बसलेली बिलकीसही टाळ्या वाजवते. एकदा तरी त्या माईकवरून आपलं नाव ऐकावं, एवढीच तिची हौस होती. घरात ती मकबूलला म्हणायची, “पाटलानं सुईत दोरा तरी ओवून दाखवावा.” पण तोंडावर बोलायची सोय नव्हती. पाटील लातूरला राहणारे, डाळमिलचे मालक. त्यांची ऑर्डर तुटली की त्यांच्या मागून येणारी सगळी बागायतदार मंडळी तुटणार.

यंदा पाटलांसाठी तिनं लाल मखमलीची जोडी शिवली, आणि त्याच गावच्या सिंधूसाठी दुसरी. सिंधूचा नवरा वैजनाथ कोरडवाहू शेतकरी, तो मखमल कुठून आणणार? सिंधूनं आपल्या लग्नातला विरलेला हिरवा शालू आणून दिला. “आपा, ह्यातच काय बसतंय ते बसव.” बिलकीसनं त्या शालूवर जीव ओतला. जिथं विरलं तिथं ठिगळ, आणि ठिगळाचा मोर.

दोन्ही गाठोडी सारख्याच चादरीत बांधलेली. पोळ्याच्या दुपारी मकबूल ती स्कूटरवर घेऊन गेला. मकबूल सोन्यासारखा माणूस, पण डोकं कायम दुसरीकडं. त्यानं मखमल वैजनाथच्या दारात दिली आणि शालू पाटलांच्या गोठ्यात. सिंधूला वाटलं, आपानं मायेनं पदरचं कापड घातलं. तिचे डोळेच भरून आले. तिकडं पाटलांचा सालगडी श्रीमंत, नावाचाच श्रीमंत, त्यानं हातात आलं ते बैलांवर टाकलं. विचारायचं कुणाला? मालक लातूरहून गाडीनं थेट मंडपात येणार होते.

मारुतीपुढं बैल आले आणि बिलकीस बसल्या जागची अर्धी उठलीच. पाटलांच्या धिप्पाड जोडीवर सिंधूचा शालू! वैजनाथच्या हाडकुळ्या बैलांवर मखमल! मंचावर पाटील लालबुंद झालेले. गेली ऑर्डर, गेले बागायतदार, असं मनाशी म्हणत तिनं पदर तोंडात धरला.

परीक्षक होते लातूरचे चित्रकलेचे विरूपाक्ष सर. ते वैजनाथच्या बैलांपाशी थांबले आणि त्यांनी नाक मुरडलं. “सण आहे, मान्य. पण अंथरूण पाहून पाय पसरावेत. हा नुसता भपका झाला.” मग पाटलांच्या जोडीपुढं गेले, चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. “वा! याला म्हणतात अभिरुची. मखमल काय, कुणीही घालेल. जुन्या वस्त्राचं सोनं करायला खानदानी नजर लागते.”

पाटलांचा राग जागच्या जागी विरघळला. फेटा बांधून घेत ते माईकवर म्हणाले, “साधेपणा पहिल्यापासूनच आमच्या घराण्यात हाय. मीच मुद्दाम सांगितलं, यंदा घरातलंच जुनं वापरा.”

बिलकीसला हसावं की रडावं कळेना. हात तोच, सुई तीच. बैल बदलला की शिलाईची अक्कलही बदलते म्हणायची! गप्प बसण्यात फायदा होता, ऑर्डर तर वाचली होती. तेवढ्यात शेजारी बसलेली, इतका वेळ आपल्याच बैलांकडं बघत राहिलेली सिंधू ताडकन उठली.

“अगं बया! पाटलाच्या बैलावर माझ्या लग्नातला शालू!”

“न्हाई, न्हाई, घरचाच हाय,” पाटील गडबडले.

“मग पाटलीणबाईंनी कवा नेसला ते तरी सांगा!”

असा हशा फुटला की बैल बुजले. सर गोरेमोरे झाले. पण बिलकीसला हसू येईना. वैजनाथच्या बैलांपुढं मुरडलेलं ते नाक तिच्या जिव्हारी लागलं होतं. ती उठली, तरातरा मंचावर गेली आणि तिनं माईक धरला.

“मी बिलकीस. मखमलबी मीच शिवली, शालूबी मीच. गाठोडी बदलली, ती चूक आमची. पण सर, वैजनाथच्या बैलावर भपका आन् पाटलाच्या बैलावर अभिरुची, ही चूक आमची न्हाई.”

गावानं तिचं नाव माईकवरून ऐकलं, आणि तेही तिच्याच तोंडून. बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही खपत नाहीत, हे काही खोटं नाही. आधी टाळी वाजवली वैजनाथनं, मग सगळ्या मंडपानं. बक्षीस मात्र पाटलांकडेच राहिलं. बांधलेला फेटा कोण उतरवणार?

ऑर्डर गेलीच, असं धरून बिलकीस चालली होती. उलटंच झालं. बागायतदारांच्या बायका पेट्या उपसून जुन्या साड्या शोधू लागल्या. नवीन साडी दोनदा धुऊन आणणारीही एक निघाली. आणि दिवाळीच्या तोंडावर शेषेराव स्वतः दारात हजर.

“बिलकीसबी, पुढच्या पोळ्याला तसलीच कर. जुन्या साडीची.”

“करते की. पण कोपऱ्यात माझं नाव घालणार.”

पाटील घुटमळले. इकडं तिकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, “घाल, घाल. पर आतल्या बाजूनं घाल.”

“आतून कशाला, पाटील?” बिलकीस म्हणाली. “बैलाला वाचता येतंय व्हय?”